एका चेहऱ्यात दोघे: जपानी नटचित्रांच्या अभ्यासाला प्रस्तावना

भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते त्यानंतरच्या वर्षी, १९०२ मध्ये. किर्लोस्कर मंडळीत शकुंतला आणि सुभद्रा उभ्या करणारा तो गळा कसा होता याची वर्णने आपल्याकडे आहेत, गळा मात्र नाही. त्यांना रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आमच्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यामुळे बेळगाव-खानापूरकडे जुन्या नाटकांच्या गप्पा निघाल्या की ही हळहळ कोणीतरी बोलून दाखवतोच. नटाची कला नटाबरोबर जाते, हे आपण इतके गृहीत धरले आहे की याहून वेगळे काही घडू शकते, याची आपल्याला कल्पनाच येत नाही.

जपानमध्ये ते वेगळे घडले. १७९४ सालच्या पाचव्या चांद्र महिन्यात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, ओतानी ओनिजी या नटाने एदोबेइ नावाच्या एका गुंडाची भूमिका केली. वाटेत गाठून पैसे लुबाडणारा हा इसम. नट काही त्या काळातला सर्वांत मोठा नव्हता आणि दोन वर्षांनी तो वारलाही. तरीही त्याचे आकड्यासारखे नाक, पुढे काढलेली मान, घट्ट मिटलेले ओठ आणि किमोनोच्या पुढच्या फटीतून बाहेर आलेले, बोटे फाकलेले दोन्ही हात आज जगभरातल्या लोकांना ठाऊक आहेत. झडप घालण्याच्या आधीचा तो क्षण तोशूसाइ शाराकू या चित्रकाराने पकडला, कोरक्याने तो चेरीच्या फळीवर कोरला, छापणाऱ्याने कागदावर उतरवला आणि एका प्रकाशकाने तो बाजारात विकायला ठेवला. कॅमेरा यायला अजून कितीतरी वर्षे अवकाश होता.

अशा चित्रांना जपानीत यकुशा-ए म्हणतात. आपण त्यांना सरळ नटचित्रे म्हणू. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकापर्यंत ती छापली जात होती. एका एका नटाची शेकडो चित्रे, एका एका भूमिकेची अनेक पिढ्यांतली चित्रे, असा हा प्रचंड साठा आहे. जपानच्या कलेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले-बोलले जाते त्यात फुजी पर्वत येतो, होकुसाइची लाट येते, हिरोशिगेचा पाऊस येतो. नटचित्रांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच गेले आहे. नाटकवेड्या मराठी माणसाने नेमके हेच दालन न पाहता पुढे जावे याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हे दालन पाहण्याची त्याची तयारी इतर कोणाहीपेक्षा जास्त आहे. ती कशी, हे सांगण्यासाठीच ही प्रस्तावना.

आधी थोडी पार्श्वभूमी. काबुकीची सुरुवात १६०३ च्या सुमारास क्योतोत इझुमो नो ओकुनी या स्त्रीने केलेल्या नृत्यनाट्यांपासून झाली असे मानतात. पुढे शासनाने १६२९ मध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी केली. त्यांची जागा घेणाऱ्या कोवळ्या मुलांनाही १६५२ मध्ये बंदी झाली. तेव्हापासून काबुकी हे प्रौढ पुरुषांचे नाटक झाले आणि स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट, म्हणजे ओन्नागाता, हा त्यातला एक मोठा मान असलेला वर्ग तयार झाला. अठराव्या शतकापर्यंत एदो जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक झाले होते. तिथे परवाना असलेली तीन मोठी नाट्यगृहे होती: नाकामुरा-झा, इचिमुरा-झा आणि मोरिता-झा. खेळ सकाळी सुरू होऊन दिवसभर चालत. अकराव्या महिन्यात नवा हंगाम सुरू होई आणि त्या वर्षी कोणते नट कोणत्या नाट्यगृहात असणार, हे तेव्हा लोकांपुढे येई. नटांच्या गुणदोषांची समीक्षा करणाऱ्या छापील पुस्तिका दरवर्षी निघत आणि त्यांत नटांना श्रेणी दिलेल्या असत. अशा शहरात नटाचे चित्र विकले जाणार नाही तर काय विकले जाणार? साध्या चित्राची किंमत सोबा शेवयांच्या एखाद-दुसऱ्या वाटीइतकी. ज्याला चांगली जागा परवडत नसे तोही आपल्या आवडत्या नटाचे चित्र घरी नेऊन भिंतीवर चिकटवू शके.

चित्र तयार व्हायचे ते चौघांच्या हातून. चित्रकार पातळ कागदावर काळ्या रेषांनी आकृती काढी. तो कागद फळीवर उपडा चिकटवून कोरक्या रेषा तेवढ्या राखी आणि बाकीचे लाकूड काढून टाकी. प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा असे. सगळे रंग नेमक्या जागी पडावेत म्हणून फळीच्या कोपऱ्यात केन्तो नावाची खूण कोरलेली असे. कागद दर वेळी त्या खुणेला टेकवून ठेवायचा. यंत्र नव्हतेच. छापणारा बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या बारेन नावाच्या चकतीने कागदाची पाठ घासून रंग उचलून घेई. कागद कोझो या तुतीच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा, इतका चिवट की अनेक ठशांवर घासूनही फाटत नसे. चौथा माणूस प्रकाशक. पैसा त्याचा, जोखीम त्याची, आणि कोणता नट कोणत्या चित्रकाराकडे द्यायचा हा निर्णयही त्याचाच. चित्रावर मोठ्या अक्षरांत नाव चित्रकाराचे असले तरी नव्या वाचकाने उरलेल्या तिघांना विसरू नये. कपाळाच्या कडेला केसांची मुळे जिथे त्वचेतून वर येतात ती जागा एखाद्या चांगल्या प्रतीत अवश्य पाहा. केसाइतक्या बारीक रेषा लाकडात उठावाने उभ्या ठेवणे हे कोरक्यांमधल्या सर्वांत वरच्या कारागिराचे काम असे. कपडे आणि पार्श्वभूमी तो शिकाऊ हातांवर सोपवी, चेहरा आणि केस मात्र स्वतः करी.

आता मुख्य मुद्दा. नटचित्रात नेहमी दोन माणसे असतात. एक भूमिकेतला आणि एक नट. चित्र चांगले असेल तर दोघेही एकाच चेहऱ्यात एकाच वेळी दिसतात आणि त्यांच्यातला कोणीही दुसऱ्याला पुसून टाकत नाही. पाश्चात्त्य देशांत ही चित्रे पहिल्यांदा गेली तेव्हा अनेकांना ती बटबटीत, अतिशयोक्त वाटली. ते साहजिक होते. त्यांना नट माहीत नव्हता आणि नाटकही माहीत नव्हते, मग दोघांचे नाते कुठून दिसणार?

मराठी प्रेक्षकाला हे नाते शिकवावे लागत नाही. १९१६ मध्ये 'स्वयंवर' रंगभूमीवर आले तेव्हा रुक्मिणीकडे पाहणारा प्रत्येक जण जाणून होता की हे नारायणराव राजहंस आहेत. हे जाणणे आड येत नव्हते. उलट, रसाची निम्मी गोडी त्यातच होती. मान किती वळली, पदर कोणत्या क्षणी सावरला, तानेचे वळण कसे घेतले, हे पाहताना प्रेक्षक रुक्मिणीवर भाळत होता आणि बालगंधर्वांना दाद देत होता, दोन्ही एका श्वासात. त्यांच्या नेसण्याची आणि केशरचनेची नक्कल घराघरांतल्या स्त्रिया करत. आमच्याकडे आजही घाटाखाली उतरले की सिंधुदुर्गात आणि गोव्यात रात्रभर चालणारे दशावतार पाहायला मिळतात. तिथेही स्त्रीभूमिका पुरुषच करतात आणि प्रेक्षक पात्राइतकाच पात्र करणाऱ्यालाही ओळखत असतो. 'अमक्याचा स्त्रीपार्ट' हा शब्दप्रयोगच दोघांची नावे एकत्र बांधतो. ज्याने असे नाटक पाहिले आहे, त्याने नटचित्र पाहण्याचा पहिला धडा आधीच पूर्ण केला आहे.

जपानी चित्रांतही हे दोघे असतात, याची एक खूण सांगतो. ओन्नागाताच्या चित्रात कपाळावर, केसांच्या पुढच्या भागी, एक छोटेसे जांभळे कापड दिसेल. प्रौढ पुरुष म्हणून नटांनी डोक्याचा पुढचा भाग भादरलाच पाहिजे, असा दंडक १६५२ नंतर लागू झाला होता. तो भादरलेला भाग झाकण्यासाठी हे कापड आले आणि पुढे टोप आल्यावरही सौंदर्याची खूण म्हणून राहिले. चित्रकाराला ते सहज गाळता आले असते. त्याने ते काढले, कारण विकत घेणाऱ्याला सुंदर स्त्री हवी होतीच, पण ती साकारणारा नटही हवा होता. शाराकूने काढलेले सेगावा तोमिसाबुरोचे चित्र या दृष्टीने पाहा. भूमिका एका सरदारपत्नीची, केसांत फणी, अंगावर भारी वस्त्रे. आणि जबडा पुरुषाचा, लांब, हाडांचा, डोळ्यांत कडकपणा. चित्रकार नटाची चेष्टा करतो आहे, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. चाळिशी ओलांडलेले बालगंधर्व १९३१ मध्ये कान्होपात्रा करत होते आणि लोक डोळे मिटून नव्हे, उघडे ठेवून ती पाहत होते. ज्यांनी ते पाहिले, त्यांना तोमिसाबुरोच्या जबड्यात आणि त्या फणीत विसंगती दिसली नसती. त्यांना त्यात श्रम दिसले असते.

दोन माणसांचे हे चित्र एकदम जमले नाही. सुरुवातीला भूमिका होती, नट नव्हता. तोरी घराण्याचा संस्थापक कियोनोबु हा एका ओन्नागाताचा मुलगा. बापलेक १६८७ मध्ये ओसाकाहून एदोला आले आणि नाट्यगृहांबाहेरचे फलक रंगवू लागले. तेव्हा एदोत पहिल्या इचिकावा दांजुरोने (हे नाव पुढे पिढ्यान्पिढ्या चालत आले) आरागोतो ही आवेशी शैली रुजवली होती. चेहऱ्यावर लाल-काळे पट्टे, डोळे तिरके रोखलेले, एक पाय पुढे टाकून सगळे शरीर ताणून धरलेले: या गोठवलेल्या क्षणाला मिए म्हणतात आणि प्रेक्षक त्याच क्षणी नटाच्या घराण्याचे नाव घेऊन ओरडतात. कियोनोबुने ही ताकद भोपळ्यासारख्या फुगीर पोटऱ्यांनी आणि गांडुळासारख्या जाड-बारीक होणाऱ्या रेषांनी दाखवली. ही चित्रे जबरदस्त आहेत, पण सगळ्या नटांचे चेहरे सारखेच. कोण कोण आहे हे बाहीवरच्या चिन्हावरून ओळखायचे. दांजुरोचे चिन्ह म्हणजे तांदूळ मोजायची तीन चौकोनी मापे एकात एक ठेवलेली. नव्या वाचकाने हे एक चिन्ह डोक्यात ठेवले तर अर्धा काबुकी ओळखीचा वाटू लागेल.

चेहरा आला तो १७६५ नंतर. त्या सुमारास अनेक रंगांची छपाई स्थिरावली आणि कात्सुकावा शुन्शोने नट जसा दिसतो तसा काढायला सुरुवात केली. १७७० मध्ये त्याने इप्पित्सुसाइ बुन्चो याच्याबरोबर पंख्यांच्या आकारात नटांचे चेहरे असलेले एक पुस्तक काढले आणि चिन्ह न पाहताही नट ओळखता येऊ लागला. शुन्शोची चित्रे उभी, अरुंद, सुमारे ३३ सेंटिमीटर उंच. ती शांत आहेत, घाईत पाहणाऱ्याला साधी वाटतात. माझी विनंती अशी की शाराकूकडे धावण्यापूर्वी काही काळ शुन्शोपाशी थांबावे. लाटेचा चित्रकार होकुसाइ तरुणपणी याच शुन्शोकडे शिकत होता आणि त्यानेही नटचित्रे काढली आहेत.

शाराकूविषयी न बोलता पुढे जाता येत नाही. १७९४ च्या पाचव्या महिन्यात त्सुताया जुझाबुरो या धाडसी प्रकाशकाने एका अनोळखी चित्रकाराची २८ मोठी चित्रे एकाच वेळी बाजारात आणली, तीही अभ्रकाची पूड लावलेल्या गडद, चमकत्या पार्श्वभूमीवर. दहा महिन्यांत एकूण सुमारे १४० चित्रे निघाली आणि १७९५ च्या सुरुवातीला शाराकू दिसेनासा झाला. तो आवा प्रांताच्या सरदाराच्या पदरी असलेला साइतो जुरोबेइ नावाचा, नो या मुखवट्यांच्या नाटकाचा नट होता, हे मत आज बहुतेक अभ्यासक मानतात. ते खरे असेल तर या चित्रांचा एक उलगडा होतो. मुखवट्याआड राहून काम करणाऱ्या कलावंताने चेहरा उघडा ठेवणाऱ्या नटांना पाहिले आणि त्याला चेहऱ्यात ते दिसले, जे रोज पाहणाऱ्यांना दिसत नव्हते. त्याच्या जवळच्या काळातल्या जाणकारांनी नोंदवले आहे की त्याने खरेपणा फार पुढे नेला म्हणून तो चालला नाही. नटांच्या चाहत्यांना आपला नट सुंदर हवा होता. १७९४ मध्येच उतागावा तोयोकुनीने उभ्या, देखण्या नटचित्रांची मालिका सुरू केली आणि ती यशस्वी झाली. आज शाराकूचे नाव मोठे आहे, पण तोयोकुनीला दुय्यम म्हणून बाजूला सारू नये. प्रेक्षकाला नट कसा पाहायचा होता, हे तोयोकुनीकडून कळते. तेही नाट्येतिहासाचे साधन आहे.

तोयोकुनीचा शिष्य कुनिसादा १८६५ पर्यंत काढत राहिला. त्याची चित्रे हजारोंनी आहेत आणि एकोणिसाव्या शतकाची काबुकी समजून घ्यायची तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. त्यातली काही कामे घाईची आहेत हे मान्य करावे. पण १८६० नंतर काढलेली त्याची मोठ्या चेहऱ्यांची मालिका पाहा: वृद्ध चित्रकाराने आयुष्यभर पाहिलेले नट, त्यांतले कित्येक तोवर दिवंगत, उत्तम कोरक्यांच्या हातून पुन्हा उभे केले आहेत. प्रत्यक्षात कधीच एकत्र न आलेले नट एकाच प्रसंगात दाखवण्याची प्रथाही या चित्रांत होती. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसले यांचा धैर्यधर 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र आले आणि तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले. तो खेळ झालाच नसता तर जपानी प्रकाशकाने तो कागदावर घडवून आणला असता.

या कलेची खरी कसोटी लागली १८४२ मध्ये. सरकारने काटकसरीच्या आणि नीतीच्या नावाखाली नाट्यगृहे शहराच्या कडेला हलवली, सातव्या दांजुरोला चैनीबद्दल एदोतून हद्दपार केले आणि नटांची चित्रे छापायला बंदी घातली. प्रकाशकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. उतागावा कुनियोशीने १८४७ च्या सुमारास दिलेले उत्तर मला या संपूर्ण परंपरेतले सर्वांत लोभस वाटते. त्याने गोदामाची एक भिंत काढली. भिंतीवर कोणा पोराने खिळ्याने ओरखडे काढावेत तसे वाकडेतिकडे चेहरे, मध्येच दोन पायांवर नाचणारे एक मांजर. ही काही नटांची चित्रे नव्हेत, भिंतीवरच्या रेघोट्या आहेत, असे कोणालाही म्हणता आले असते. पण लोकांनी प्रत्येक चेहरा ओळखला. पाऊणशे वर्षे नटांचे चेहरे पाहून तयार झालेली नजर इतकी तीक्ष्ण होती की चार रेषा पुरल्या. नटचित्रांनी लोकांच्या नजरेला काय दिले, हे विचारणाऱ्याला मी ही भिंत दाखवीन.

नट वारला की स्मृतिचित्रे निघत. त्यांत नट फिकट निळ्या वस्त्रांत दाखवीत आणि मृत्यूची तारीख व मरणोत्तर नाव लिहीत. देखणा, लाडका आठवा दांजुरो १८५४ मध्ये ओसाकात ऐन उमेदीत आत्महत्या करून गेला तेव्हा अशा चित्रांचा पूर लोटला. काही चित्रांत तो बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या मुद्रेत पहुडलेला आहे आणि भोवती सर्व वयांच्या स्त्रिया आक्रोश करत आहेत. ही चित्रे कलेच्या मोजपट्टीने पहिल्या रांगेत बसत नसतील, पण एका शहराने आपल्या नटासाठी केलेला शोक त्यांत थेट दिसतो.

ओसाकाला मी वेगळी जागा देईन. एदो सत्तेचे केंद्र, तिथला व्यवहार मोठा. ओसाका व्यापाऱ्यांचे गाव. तिथली ठसाचित्रे जवळजवळ सगळी नटांचीच आहेत आणि ती काढणारे पुष्कळसे पोटापाण्यासाठी दुसरे काही करणारे, नाटकाच्या वेडापायी चित्राकडे वळलेले लोक होते. तिथे नटांचे चाहते मंडळे करून राहत. तिसरा नाकामुरा उताएमोन आणि आराशी किचिसाबुरो यांच्या चाहत्यांत चुरस चाले. प्रती थोड्या, छपाई निगुतीची, कधी बाजूला चाहत्याने किंवा नटाने रचलेली कविता. होकुशू, होकुएइ, हिरोसादा ही नावे नव्या वाचकाने टिपून ठेवावीत. सीमाभागातल्या ज्या गावांत यात्रेच्या निमित्ताने हौशी मंडळी कर्ज काढून नाटक बसवतात, पडदे आणि ड्रेपरी भाड्याने आणतात, तिथल्या माणसाला ओसाकाचा हा जिव्हाळा लगेच कळेल.

१८६८ नंतर जपान बदलले. तोयोहारा कुनिचिकाने नववा दांजुरो आणि पाचवा किकुगोरो यांना भडक नव्या रंगांत काढले, तोवर फोटो स्टुडिओही उघडले होते. विसाव्या शतकात नातोरी शुन्सेनने १९२५ पासून ३६ नटांची एक मालिका काढली. ती शांत, हळवी आहे आणि जुन्या घराण्यांची शेवटची मोठी नोंद आहे.

आपल्याकडे असे का झाले नाही, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच. साधन नव्हते असे नाही. पुण्यात चित्रशाळा १८७८ मध्ये निघाली, 'शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले आणि रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला. शिळाछापाने घराघरांत चित्रे गेली, पण ती देवांची, पुराणातल्या नायिकांची, इतिहासपुरुषांची. भूमिका छापली गेली, नट राहून गेला. शिवाय संगीत नाटक बहरले तेव्हा कॅमेरा आधीच आला होता, आणि नट चित्रकाराकडे न जाता फोटोग्राफरकडे गेला. चित्रकारांचा हात नाटकाला लागला तो दुसऱ्या बाजूने: कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. आपल्याकडचा थोर चित्रकार नटाच्या पाठीमागे उभा राहिला, जपानचा समोर. मग १९०२ नंतर आपण आवाज साठवला. बालगंधर्वांची पदे आपण आजही ऐकू शकतो. पाचवा इवाइ हान्शिरो या काबुकी नटाचा आवाज कोणा जपान्याला ऐकता येत नाही, त्याचा चेहरा मात्र तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत पाहता येतो. दोन रंगभूमींनी आपापल्या नटांचे वेगवेगळे अर्धे भाग राखले आहेत.

आता कसे सुरू करावे याविषयी. वाचकांनी आधी एखादे काबुकी नाटक चित्रफितीत पाहावे. भाषा कळली नाही तरी चालेल. 'शिबाराकु' घ्या. त्यातला वीर विटकरी-नारिंगी रंगाच्या प्रचंड बाह्या पसरून 'थांबा' म्हणत येतो. या एका भूमिकेची वेगवेगळ्या दांजुरोंची चित्रे शोधून शेजारी शेजारी ठेवा. वेष तोच, बाह्यांवरची तीन मापे तीच, आणि चेहरा बदलतो. तेरावा दांजुरो २०२२ मध्ये गादीवर आला, म्हणजे मालिका अजून संपलेली नाही. तोक्योतल्या वासेदा विद्यापीठाच्या नाट्यसंग्रहालयात, जे १९२८ मध्ये स्थापन झाले, चाळीस हजारांहून अधिक नटचित्रे आहेत आणि ती घरबसल्या पाहता येतात. पाहताना रंगांविषयी सावध राहा. जुनी निळी आणि जांभळी छटा उजेडाने उडते, त्यामुळे आज जे पिवळट-करडे दिसते ते एके काळी निळे किंवा जांभळे असू शकते. मूळ प्रत पाहायचा योग आला तर ती भिंतीवर टांगलेली पाहून समाधान मानू नका. ही चित्रे मुख्यतः हातात धरून पाहण्यासाठी होती. कागद किंचित कलता केला की अभ्रक चमकते आणि रंगाशिवाय नुसत्या दाबाने उठवलेली वस्त्रावरची नक्षी वर येते.

पुष्कळ नटचित्रांवर नाटकाचे नाव नसते, तारीख नसते. ती आज वर्ष-महिन्यासह ओळखता येतात, कारण नाट्यगृहांची खेळपत्रके आणि नटांच्या समीक्षापुस्तिका लोकांनी जपून ठेवल्या. चिन्ह, वेष आणि पात्रयादी जुळवत अभ्यासकांनी एकेक चित्र त्याच्या खेळाला जोडले. हे वाचल्यावर माझ्या भागातल्या वाचकांकडे एक मागणे आहे. बेळगाव, निपाणी, खानापुरातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर नाटक मंडळ्यांची हँडबिले आहेत, तसबिरींत भूमिकेच्या वेषातले कोणी आजोबा-पणजोबा आहेत. ती हँडबिले फेकू नका. फोटो तसबिरीतून काढून त्याच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहा: नटाचे नाव, भूमिकेचे नाव, नाटक, मंडळी, गाव आणि साल. साल ठाऊक नसेल तर ज्यांना ठाऊक असेल अशा घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा. नट आणि भूमिका ही दोन्ही नावे मात्र हवीतच. एकाने भागणार नाही.

जांबोटी (ता. खानापूर)